चार नंबरची नळी

चार वाजून बेचाळीस मिनिटं... नाही, मला सांगा, ही काय वेळ झाली का एखाद्याचं वाटोळं व्हायची? सकाळी झालं असतं तर दिवसभर निस्तरता आलं असतं, पाचनंतर झालं असतं तर मी तिथे नसतेच, दुसऱ्या कुणाचं झालं असतं, पण नाही, बरोबर चार बेचाळीस. माझ्या सुटीला अठरा मिनिटं बाकी, पाळणाघर बंद व्हायला अठ्ठेचाळीस मिनिटं बाकी, आणि तुम्हाला सांगते, मी मनातल्या मनात चपला घालून निघालेसुद्धा होते. अंग तेवढं बेसिनपाशी राहिलं होतं. आणि मागून आवाज आला... खळ्ळ!

आता काच फुटल्याचा आवाज घरात झाला तर माणूस काय म्हणतं? गेला एक कप. केरसुणी आणतं, सुपलीत भरतं, विषय संपला. पण मी जिथे नोकरी करते तिथे कप फुटत नाहीत हो. तिथे नळ्या फुटतात. कॉलेजातली जंतूंची प्रयोगशाळा आहे ती, मुलं तिथे जंतू वाढवायला शिकतात. हो, वाढवायला. आपण जन्मभर मारत आलो, आणि ही शिकली-सवरलेली पोरं फी भरून ते वाढवतात. काचेच्या नळीत पिवळट पाणी, त्यात जंतू, वर कापसाचा बोळा, आणि ती नळी उबेच्या कपाटात अशी जपून ठेवायची, जसं काही बाळंतिणीचं पोर. आणि दोन दिवसांनी काढून म्हणायचं, अय्या, किती छान वाढलेत!

माझं काम नळ्या धुवायचं. सातवी पास म्हणून घेतलं, लेबलं वाचता येतात एवढ्यासाठी. वय माझं सव्वीस, आणि ती वीस-वीस वर्षांची घोडी मला मावशी म्हणतात. म्हणोत बापडी.

तर पहिल्याच आठवड्यात सरांनी मला एक गंमत दाखवली. सर माणूस चांगला आहे, पण त्याच्या गमतीने माझ्या संसाराला साबण लागला तो लागलाच. एक काचेची बशी पुढे केली, आत खिरीसारखं काहीतरी घट्ट झालेलं, म्हणाले बोट टेकवा. मी म्हटलं सर, आत्ताच हात पाण्याखाली धरलाय, स्वच्छ आहे. टेकवा तर खरं, म्हणाले. टेकवलं. दोन दिवसांनी ती बशी उघडली... तुम्हाला सांगते, माझं बोट उगवलं होतं. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, एक तर गुलाबीसर, आणि सगळं मिळून आकार बघाल तर माझ्याच बोटाचा, अगदी नखापर्यंत. सर हसले. मला हसू आलं नाही. मला एवढंच आठवलं की सकाळी याच बोटाने मी माझ्या दहा महिन्यांच्या पोराच्या हिरड्या दाबून बघितल्या होत्या, दात आलाय का म्हणून.

त्या दिवसापासून मी धुते. हात धुते, खुळखुळा धुते, चमचा धुते, धुतलेला चमचा ज्या ताटलीत ठेवायचा ती ताटली धुते. नवरा म्हणतो, बघू आता, पोर आधी मोठं होतं का साबण आधी संपतो. त्याचं काय जातंय बोलायला, त्याचं बोट कुणी पेरलं नाही ना.

आणि त्या प्रयोगशाळेच्या दाराशेजारी एक तक्ता लावलाय. बारा नियम. वर्गात साठ मुलं, तीन सर, एक मॅडम, आणि तो तक्ता शेवटपर्यंत वाचलेली अख्ख्या कॉलेजात मी एकटी. मुलं पहिले दोन वाचतात, ॲप्रन घाला आणि केस बांधा, कारण ते आरशात दिसतं. मी बारा वाचले, पाठ केले, आणि त्यातला अकरावा माझ्या काळजात जाऊन बसला. हात धुतल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. साधी गोष्ट आहे हो. दाराची मूठ सगळे धरतात. आतला जंतू आतच राहायचा असेल तर मूठ स्वच्छ पाहिजे. नियम म्हणजे नियम. बाहेर त्याच मुठीला रखवालदार हात लावणार, झाडणारी हात लावणार, मी लावणार, आणि मी इथून सरळ जाऊन पोराला उचलणार...

तर चार बेचाळीस. खळ्ळ.

वळून बघते तर पाच मुलं गोल करून उभी, मध्ये फरशीवर काचा, आणि ते पिवळं पाणी बुटांवर, टेबलाच्या पायावर, सगळीकडे. सर साडेचारलाच वरच्या मजल्यावर मीटिंगला गेले होते, जाताना म्हणाले, मावशी आहेत, मी आलोच. शिक्षक नसताना प्रयोग करायचा नाही असा पाचवा नियम आहे, पण सरांना नियम सांगणार कोण, मी? आणि या पाच जणांना सोमवारी वही दाखवायची होती म्हणून वर्ग सुटला तरी ती मागे राहिली होती.

नळी पडली ती चष्मेवालीच्या हातातून. ही वर्गात पहिली येणारी. एवढीशी पोर, एवढा मोठा चष्मा, प्रश्न संपायच्या आधी हिचं उत्तर तयार. आणि तिच्या शेजारी पुढारी. त्याला पुढारी मीच म्हणते, कारण काम कधी करत नाही पण प्रत्येक कामात पुढे उभा असतो. तर पुढारी म्हणाला काही नाही झालं, आणि खिशातून रुमाल काढून वाकला. रुमाल काढून! पुसणार होता, आणि पुसून तो रुमाल परत खिशात घालणार होता, आणि संध्याकाळी त्यानेच तोंड पुसणार होता, मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला ना, तो मी फक्त पोराने प्लगच्या भोकात बोट घातलं तेव्हा काढला होता. पुढारी तसाच अर्धा वाकलेला थांबला. कंबर धरली बहुतेक त्याची.

मग मी जे केलं ते तक्त्यात लिहिलंय तसं केलं. सगळ्यांना भिंतीला लावलं. कपाटातून कागदाचा अख्खा गठ्ठा काढून सांडलेल्यावर पसरला. जंतुनाशक ओतलं, कडेकडेने आत, मधोमध नाही, मधोमध ओतलं की उडतं. आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच. वीस मिनिटं कुणी हलायचं नाही. पुढारी विचारतो, वीस कशाला, दहा मिनिटांत मरणार नाहीत का? मी म्हटलं बाबा, तू पेपरला बसतोस तेव्हा तीन तास लागतात, आणि तरी तू पास होत नाहीस, त्यांनाही जरा वेळ दे.

आणि खरं सांगते, मी तेव्हा घाबरले नव्हते. माझा हिशोब पक्का होता. पावणेपाच अधिक वीस, पाच वाजून पाच. काचा चिमट्याने उचलायच्या, फरशी पुसायची, हात धुवायचे, पाच दहाला बाहेर. चालत अठरा मिनिटं. पाच अठ्ठावीसला पाळणाघराच्या दारात. दोन मिनिटं हातची राखून. आहे की नाही?

कारण मला उशीर चालणार नव्हता. पाळणाघरवाल्या ताईंचा नियम आहे, तीन वेळा उशीर झाला की जागा दुसऱ्याला. माझे दोन झाले होते. एकदा पाऊण मिनिट. पाऊण मिनिटसुद्धा त्यांनी वहीत लिहून ठेवलं. आणि यादीत अकरा आया थांबल्यात, अकरा, कुणाचा तरी तिसरा उशीर व्हायची वाट बघत. जागा गेली की पोर कुठे ठेवू? आणि पोर ठेवायला जागा नाही तर नोकरी कशी करू?

बरोबर पाच पाचला हातमोजे घालून काचा उचलल्या, एकेक. काचेच्या डब्यात टाकल्या. सकाळी भरून ठेवलेली बादली होती, तिच्या पाण्याने फरशी पुसली, टेबलाचा पाय पुसला, मुलांचे बूट पुसले, बादली रिकामी. हातमोजे काढले. आणि सगळ्यांना बेसिनपाशी रांगेत उभं केलं, म्हटलं साबण लावा, कोपरापर्यंत, बोटांच्या मधे, नखांखाली. पाच जणांना साबण मी लावायला लावला, सहावी मी. बारा हात, पांढरे फेसाळ, लोण्यात बुडवल्यासारखे. आणि मी कोपराने नळ सोडला.

नळ म्हणाला... घर्रर्र.

मी म्हटलं येईल. नळ खोकला, एकदा शिंकला, दोन थेंब टाकले, आणि मग त्यातून नुसता वारा यायला लागला. पाच वाजून नऊ मिनिटं.

तेव्हा पुढारी अगदी शांतपणे म्हणतो, हां, पाचनंतर पाणी बंद आहे, टाकी धुणार आहेत, दारावर कागद लावलाय. मी विचारलं कुठल्या दारावर? बाहेरच्या बाजूला, म्हणाला. दुपारी लावला, मी तेव्हा आत नळ्या धूत होते. पाचही जणांनी वाचला होता. बारा नियमांचा तक्ता वाचायला यांना डोळे नाहीत, आणि पाणी बंदचा कागद वाचायला डोळे आहेत पण सांगायला तोंड नाही! आणि मी बादलीभर पाणी यांचे बूट पुसण्यात घालवलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आता बघा हं, गंमत बघा. नळाला पाणी नाही. हात धुतल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. दार बंद. दाराला गोल मूठ, पितळी, फिरवावी लागते, कोपराने फिरत नाही, पायाने फिरत नाही, गुंडाळायला कागद उरला नाही, ॲप्रनवर शिंतोडे. खिडकीला जाळी. खाली तीन मजले. रखवालदार गच्चीवर टाकीत उतरलेला. सर सगळ्यात वरच्या मजल्यावर, मीटिंगमधे, पंखे चालू. मोबाईल? मोबाईल आत आणायचा नाही हा चौथा नियम, सगळ्यांचे मोबाईल बाहेर व्हरांड्यात टोपलीत. तो नियम मात्र सगळे पाळतात, कारण मी दारात उभी राहून काढून घेते. मीच. माझाही त्याच टोपलीत.

पुढाऱ्याने काही माझं ऐकलं नाही. गेला, आणि त्या साबणाच्या हाताने मूठ धरली, फिरवली, आणि हात सुळ्ळकन निसटला. पुन्हा धरली, पुन्हा निसटला. म्हणजे नियम मोडला तो मोडला, मुठीला लागायचं ते लागलं, आणि दार काही उघडलं नाही. मग मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं आता माझ्या अंगावरून जा.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, पोर तिकडे वाट बघतंय आणि ही दार अडवून उभी. मीही तेच म्हणत होते हो. माझ्या आत दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, पळ, पाच अकरा झाले, पळ. दुसरी म्हणत होती, पळ की, आणि जाऊन त्याच हाताने त्याला उचल, तो आधी तुझं बोट तोंडात घालतो, माहितीये ना? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि कोपरापर्यंत साबण वाळत चाललेला. तुम्ही कधी साबण वाळू दिलाय हातावर? कातडी अशी ओढते, जणू कुणी लहान मापाचे हातमोजे घातलेत.

मग चष्मेवाली म्हणाली, मावशी, स्पिरिट आहे ना बाटलीत, साबण ॲप्रनला पुसू, स्पिरिट चोळू, झालं. आणि तुम्हाला सांगते, मला पटलं. मी बाटलीकडे निघालेसुद्धा. आणि तेवढ्यात मला आठवलं. ही पोरं परीक्षेच्या आधी माझ्या बेसिनपाशी उभी राहून मोठ्याने पाठ करतात, माझं अर्धं शिक्षण तिथेच झालंय. काही जंतू असे असतात की ते कवच घालून बसतात. आणि कवचवाल्यांना स्पिरिट काही करत नाही, ते पाण्याने धुऊनच घालवावे लागतात. हे वाक्य मी चष्मेवालीच्याच तोंडून तीस वेळा ऐकलेलं.

मी विचारलं, नळी कितव्या नंबरची होती?

चार नंबर, म्हणाली.

आता या नंबरांचं असं असतं, सर मुलांना नुसता नंबर लिहिलेल्या नळ्या देतात, आत कुठला जंतू ते सांगत नाहीत. मुलांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, रंग द्यायचा, आणि ओळखून वहीत लिहायचं. खरं उत्तर एका कागदावर, कागद सरांच्या खिशात, खिसा वरच्या मजल्यावर. म्हटलं ठीक आहे, तू हुशार आहेस, तू ओळखलं असशीलच, वहीत बघ. चष्मेवालीने कोपराने वही उघडली. आणि काय सांगू, काय सुंदर चित्र काढलं होतं पोरीने. काडीसारखा लांब जंतू, जांभळा रंग, आणि बरोबर मधोमध कवच. खाली सुवाच्य अक्षरात, कवच आढळले.

संपलं. स्पिरिट बाद.

पुढाऱ्याला विचारलं तुझं काय आलं, तर त्याचंही तेच, काडी आणि कवच. उरलेल्या तिघांचंही तेच. पाच वह्या, पाच कवचं. पुढाऱ्याचं कवच जरा वाकडं होतं एवढंच. म्हणजे शंकेला जागाच नाही. हात धुतल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम. बसा.

बसलो. पाच सतरा. पाच वीस. पुढाऱ्याने एकदा भाषण केलं की माणसाच्या हक्कावर गदा येतेय. मी म्हटलं येऊ दे, आधी जंतू जाऊ दे. एकीला नाक खाजवायचं होतं, ती खांद्याने खाजवत होती. आणि चष्मेवाली... भिंतीला टेकून, हात पुढे धरून, नुसती घड्याळाकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे, आणि परत घड्याळाकडे. मला वाटलं माझ्या पोराची काळजी करतेय. किती मायाळू पोर, म्हटलं.

पाच एकतीसला बाहेर टोपलीत मोबाईल वाजला. माझाच. माझा आवाज मी हजारात ओळखीन, नवऱ्याने कोंबडा लावून ठेवलाय. कोंबडा आरवतोय, आरवतोय, दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, आणि मी अलीकडे, आणि दोघांच्या मधे एक गोल मूठ. कोण असणार? ताईच. त्यांचा आवाज मला न उचलता ऐकू येत होता, अगदी हळू बोलतात त्या, कधी चढवत नाहीत, "आई, वेळेचं काय ठरलं होतं आपलं?" कोंबडा थांबला. परत सुरू झाला. मी दाराला तोंड लावून म्हटलं, ताई, आले हो, निघालेच. दाराशी बोलत होते मी! आणि मग मला रडू आलं. रडू आलं तर डोळे पुसायला हात नाही. चेहऱ्याला हात लावायचा नाही हा सहावा.

आणि तेव्हा चष्मेवाली म्हणाली, एवढ्या हळू की मला आधी कळलंच नाही,

"मावशी, मी ती नळी बघितलीच नव्हती."

म्हटलं, म्हणजे?

"गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलं. दरवर्षी चार नंबर तोच असतो असं सीनियर म्हणाल्या. बघायला आत्ता काढत होते, तेवढ्यात पडली."

मी बाकीच्या चौघांकडे बघितलं. चौघं बुटांकडे बघत होते. त्यांनी चष्मेवालीचं उतरवलं होतं. म्हणजे बघा, एका वहीतलं एक कवच, गेल्या वर्षीचं, त्याने सहा माणसं वीस मिनिटं कोंडून ठेवली, आणि त्या पोरीला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं! तिला फक्त सांगायचं होतं की मी बघितलं नाही. पण पहिल्या नंबरच्या पोरीला ते वाक्य येत नाही हो, बाकी सगळं येतं.

पुढारी लगेच उभा, म्हणाला, चला, कवच नाहीच तर, आणा स्पिरिट. मी म्हटलं बस खाली. कवच नाही असं कुठे म्हणाली ती? ती म्हणाली माहीत नाही. मघाशी निदान काडी तरी होती. आता काहीही असू शकतं. आडात नाही तर पोहोऱ्यात येणार कुठून?

चष्मेवाली हुंदके द्यायला लागली. आणि माझा सगळा राग, बघा, कुठे गेला कोण जाणे. एक तर ती रडताना अगदी माझ्या पोरासारखं खालचा ओठ बाहेर काढते. दुसरं म्हणजे तिचा चष्मा वाफेने भरला, आणि तिलाही पुसता येत नव्हता.

वाफ.

तुम्हाला सांगते, तिच्या चष्म्यावरची वाफ बघितली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यात माझा मोठा कुकर उभा होता. कंबरेएवढा, लोखंडी, त्यात आम्ही नळ्या वाफेवर शिजवतो, जंतू मरायला. आणि त्याच्या बुडाला पाणी असतं, ते रोज सकाळी कोण भरतं? मी. दुपारीच लावला होता, अजून कोमट असणार, आणि त्याच्याएवढं निर्जंतुक पाणी अख्ख्या शहरात नसेल. खाली पाणी सोडायची तोटी आहे, पायानेही दाबता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वीस-पंचवीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले होते.

तोटी पायाने दाबून धरली मी, आणि एकेकाला बोलावलं. चष्मेवाली पहिली. मग बाकीचे. पुढाऱ्याचे दोनदा धुवायला लावले, त्याने मूठ धरली होती. पाणी किती होतं म्हणता? घागरभरही नाही. पाच जण झाले आणि माझी पाळी आली तर धार करंगळीएवढी. मग थेंब. माझा एक हात धुऊन झाला, दुसऱ्यावर अर्धा साबण, आणि कुकर रिकामा. शेवटी एकाच हाताने दाराशी गेले, उजव्या, धुतलेल्या, आणि मुठीला हात लावणार...

तर मूठ आपली आपण फिरली. दार उघडलं. सर.

सर आत आले, आमच्याकडे बघितलं, सहा माणसं, हातांतून पाणी गळतंय, एक रडतेय, कुकर उघडा, आणि जंतुनाशकाचा वास. विचारलं काय झालं. मी एका दमात सांगितलं. चार नंबर फुटली, वीस मिनिटं थांबलो, काचा उचलल्या, पाणी गेलं, दाराला हात लावला नाही, सर, आधी सांगा, त्यात काय होतं?

सरांनी खिशातून कागद काढला. काढायची गरज नव्हती, पण काढला. आणि म्हणाले,

"काही नव्हतं. चार नंबर कोरी नळी आहे. नुसतं पिवळं पाणी. बघून कोण लिहितं आणि न बघता कोण, ते कळावं म्हणून दिली होती."

काही नव्हतं.

तुम्ही हसताय, हसा. सरही हसले, पण अर्ध्यात थांबले, कारण टेबलावर पाच वह्या उघड्या होत्या आणि पाचही वह्यांत त्या काही नसलेल्या नळीत काडीचा जंतू होता, जांभळा, कवचासकट. मग त्या वह्या त्यांनी उचलल्या, आणि मुलांना म्हणाले बसा खाली. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी त्यांना म्हटलं सर, दोन ओळी लिहून द्या, मी मुद्दाम नाही थांबले म्हणून. त्यांनी दिल्या, सहीसकट. चांगला माणूस आहे. आणि मी पळाले.

आणि मला विचाराल की मग चुकलंच ना तुझं, उगाच कोंडून घेतलंस... तर नाही चुकलं. चार बेचाळीसला कुणाला माहीत होतं की ती कोरी आहे? माहीत झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. उद्या पुन्हा फुटली तर मी पुन्हा दाराला पाठ लावून उभी राहीन. रडेन, पण उभी राहीन.

पाच त्रेपन्नला पोचले. ताई पायरीवर बसल्या होत्या, कुलूप घालून, पोर मांडीवर. आणि ते माझं सोनं, ज्याच्यासाठी मी पाऊण तास एका मुठीला हात लावला नाही, ते ताईंच्या किल्ल्यांचा जुडगा चोखत होतं. अख्खा जुडगा. सात किल्ल्या. मला बघून हसलं, तर खाली एक पांढरा ठिपका. दात आला होता. किल्लीवरच आला असणार.

मी चिठ्ठी दिली. ताईंनी नीट वाचली, दोनदा. घडी घातली, मला परत दिली. म्हणाल्या तुमचं काही चुकलं नाही, तुमच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. माझ्या जिवात जीव आला. आणि मग पोराला माझ्या कडेवर देत म्हणाल्या, त्याच हळू आवाजात,

"पण आई, तिसरी वेळ आहे. नियम म्हणजे नियम."

आता मला सांगा, यावर मी काय बोलणार? दुसरी कुणी असती तर भांडली असती, हातापाया पडली असती, रडली असती. मी! मी कुठल्या तोंडाने म्हणू की एवढ्या वेळेला सोडा? पाच पोरांना मी सोडलं का? मी म्हटलं, बरोबर आहे ताई. आणि घरी आले. उजवीकडे पोर घेऊन, डाव्या हातावर अजून साबण.

तर आता पोर चार दिवस जावेकडे आहे. जाऊ म्हणते ठेवते, पण सोमवारपर्यंतच. म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, तुम्ही दहा ठिकाणी जाता-येता, जरा निरोप पोचवा, ओळखीत, शेजारी, कुणाच्या बहिणीच्या गल्लीत, कुठेही सहापर्यंत उघडं असणारं पाळणाघर असेल तर मला कळवा. साडेसहापर्यंत असेल तर बरंच... कारण सोमवारी सर त्या पाच जणांना पाच नंबरची नळी देणार आहेत, आणि तिच्यात म्हणे खरंच काहीतरी आहे.